क्रॉफर्ड साहेबाचे दोन हिशेब

मुंबईस बोरीबंदरावरून उत्तरेकडे चालत गेल्यास दादाभाई नौरोजी मार्गाच्या टोकाला, लोकमान्य टिळक मार्ग जेथें येऊन मिळतो त्या नाक्यावर, घड्याळाच्या मनोऱ्याची एक दगडी मंडई लागते. विल्यम इमर्सन या शिल्पज्ञानें तिचा आराखडा काढला, लॉकवुड किपलिंग यानें तिच्या दर्शनी भागावरील उठावाचीं चित्रें घडविलीं आणि १८६९ सालीं ती बांधून पुरी झाली. तिचें सरकारी नांव महात्मा जोतिबा फुले मंडई असें आहे. पण भाजी-फळें घ्यावयास जाणारा मुंबईकर अद्यापि तिला क्रॉफर्ड मार्केट याच नांवानें ओळखतो. ज्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डचें हें नांव, त्याला सार्वजनिक कारभाराबद्दल आयुष्यांत दोन वेळां जाब विचारला गेला. पहिल्या वेळीं, १८७१ सालीं, प्रश्न पैशाचा होता: शहराची तिजोरी कोणाच्या परवानगीनें रिकामी झाली? दुसऱ्या वेळीं, १८८८ सालीं, प्रश्न नेमणुकांचा होता: मामलतदारांच्या जागा, बढत्या आणि बदल्या विकल्या गेल्या काय? पहिल्या प्रकरणांतून मुंबई शहराला निवडणुकीचा हक्क मिळाला. दुसऱ्या प्रकरणांत ज्यांनीं सरकारच्या शब्दावर विसंबून खरें सांगितलें, त्यांतील कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अधिकारी एकच, सरकार तेंच, अंतर सतरा वर्षांचें. आणि तरी दोन हिशेबांचे शेवट इतके निराळे कां व्हावे, हें पाहण्याजोगें आहे.

आधीं पैशाची गोष्ट. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षें शहरांत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. १८६५ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि जुलैंत शेअरांचा फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. नेमक्या याच वर्षीं नगरपालिकेचा नवा कायदा अमलांत आला आणि सनदी नोकरींतील तिशीचा तरुण क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला.

त्याच्या हातीं आलेलें शहर बाहेरून श्रीमंत व आंतून गलिच्छ होतें. उघडीं गटारें, अरुंद गल्ल्या, भर वस्तींतील खाटिकखाने आणि दर उन्हाळ्यास येणारी पटकी, हें मुंबईचें नित्याचें चित्र होतें. क्रॉफर्डनें डॉ. ह्यूलेट हे आरोग्याधिकारी आणि रिएन्झी वॉल्टन हे एंजिनिअर यांना हाताशीं धरून कामाचा सपाटा लावला. रस्ते रुंद झाले, गटारें सुधारलीं, खाटिकखाने शहराबाहेर गेले, मंडया उभ्या राहिल्या. त्याच्या विरोधकांनींहि त्याच्या कर्तबगारीबद्दल कधीं शंका घेतली नाहीं. शंका होती ती त्याच्या हिशेबाबद्दल. मंजूर रकमेच्या पलीकडे खर्च करावा, कर्ज काढावें, आणि काम उभें राहिल्यावर मंजुरी मागावी, अशी त्याची चाल होती. उभी राहिलेली इमारत पाडा असें कोण म्हणणार?

१८६५ च्या कायद्याची रचनाच अशी होती कीं, त्यांत असें घडावें. नगरपालिका म्हणजे सरकारनें नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस मंडळींची एक मोठी सभा. तिनें वर्षाचें अंदाजपत्रक पसंत करावें. बाकी सर्व अंमलबजावणी कमिशनरच्या एकट्याच्या हातीं. हे जस्टिस लोकांनीं निवडलेले नव्हते, त्यामुळें कर देणाऱ्यास ते उत्तर देण्यास बांधलेले नव्हते; आणि कमिशनर सरकारनें नेमलेला, त्यामुळें तो जस्टिसांना फारशी भीक घालीत नसे. व्यापार बसल्यामुळें खिसे रिकामे झालेल्या शहरावर घरपट्टीचा बोजा मात्र वाढत गेला. १८७१ सालीं लोकांचा संताप बाहेर पडला. करदात्यांच्या चळवळींत नौरोजी फर्दुनजी पुढें होते. जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स या व्यापाऱ्यानें कमिशनरचे अधिकार तोडण्याचा ठराव आणला. सर्व आरडाओरड एका मनुष्याविरुद्ध होती.

अशा वेळीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एका तरुण बॅरिस्टरानें उलट सूर काढला. फिरोजशहा मेहता त्या वेळीं सव्वीस वर्षांचे होते. त्यांचें म्हणणें असें कीं, क्रॉफर्डच्या माथीं सर्व खापर फोडणें ही सोपी पण आंधळी गोष्ट आहे. कर्ता अधिकारी हवाच. दोष आहे तो त्याच्यावर देखरेख करणाऱ्या सभेचा, कारण तिची मुळें लोकांत नाहींत. कर देणाऱ्यांनीं निवडलेली सभा करा, आणि तिला उत्तरदायी असा एकच समर्थ अधिकारी ठेवा. हें भाषण सभेला मुळींच रुचलें नाहीं. क्रॉफर्डचा कैवारी म्हणून मेहतांना हुर्यो सहन करावी लागली. परंतु १८७२ चा कायदा झाला तो पुष्कळसा त्यांच्याच धोरणाचा झाला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन, त्यांपैकीं बत्तीस करदात्यांनीं निवडलेले, सोळा जस्टिसांनीं निवडलेले आणि सोळा सरकारनियुक्त. मताधिकार वर्षास पन्नास रुपये पट्टी भरणाऱ्यास, म्हणजे मूठभर लोकांसच होता, हें खरें. तरी हिंदुस्थानांतील एका मोठ्या शहराचा जमाखर्च पाहण्यास निवडून दिलेले लोक बसले ही गोष्ट लहान नव्हे. कमिशनरनें केलेल्या खर्चावर सभासदांच्या लहान मंडळाची नित्य तपासणी सुरू झाली. क्रॉफर्ड तत्पूर्वींच जागा सोडून गेला होता.

या प्रकरणाचा निकाल इतका सरळ लागला याचें कारण उघड आहे. खर्च झालेला पैसा कागदावर खूण ठेवून जातो. अंदाजपत्रकांत एक आंकडा, हिशेबाच्या वहींत दुसरा; दोहोंमधील वजाबाकी शाळेंतील मुलालाहि करतां येते. तिला साक्षीदार लागत नाहीं, आणि वहीला कोणी धमकावूं शकत नाहीं. जोतिराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्यास त्यांनीं विरोध केला, तोहि ती रक्कम ठरावाच्या कागदावर आधीं लिहिली गेली होती म्हणून. पुढें मुंबईच्या मंडईला या गृहस्थाचें नांव मिळालें, हा योगायोगहि मनोरंजक आहे.

आतां नेमणुकांची गोष्ट. नगरपालिकेंतून निघाल्यावर क्रॉफर्ड मुलकी नोकरींत परतला. कोंकणांत त्यानें पुष्कळ वर्षें काढलीं, मराठी उत्तम आत्मसात केली, आणि चढत चढत तो मध्य भागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला. पुणें, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि खानदेश असा हा मुलूख. गव्हर्नराच्या खालोखाल येथील लोकांना दिसणारा सर्वांत बडा साहेब तोच. राहणी उमरावी, हात सढळ आणि कर्ज डोक्याएवढें. ज्या मुलखावर आपण हुकमत चालवितों तेथील लोकांकडून सरकारी अधिकाऱ्यानें कर्ज काढूं नये असा स्पष्ट नियम होता. तो क्रॉफर्डनें कधींच गुंडाळून ठेवला होता.

मामलतदार म्हणजे काय, हें आज शहरांत वाढलेल्या पिढीला समजावून सांगावें लागेल. तालुक्याचा सारा वसूल करणारा तोच, खजिना सांभाळणारा तोच आणि लहानसहान फौजदारी खटले चालविणारा मॅजिस्ट्रेटहि तोच. इंग्रजी शिकलेल्या मध्यम वर्गांतील ब्राह्मण-प्रभूंना सरकारी नोकरींत जी उंची गांठतां येई, ती बहुधा येथेंच संपत असे. कारकून म्हणून चिकटलेला मनुष्य वीस-वीस वर्षें या एका खुर्चीकडे डोळे लावून बसे. ही खुर्ची देणें, ती पहिल्या वर्गाची करणें, किंवा खुर्चीसकट मनुष्यास एका तालुक्यांतून उचलून दुसऱ्यांत नेऊन ठेवणें, हें सर्व कमिशनरच्या लेखणींत होतें. बदलीचा हुकूम कागदोपत्रीं शिक्षा नसते. परंतु ज्याचीं मुलें पुण्याच्या शाळेंत आहेत, ज्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आहे, त्याला डोंगराळ, हिंवतापाच्या तालुक्यांत फेंकणें म्हणजे काय हें त्याला विचारावें. आणि त्या हुकुमाला कारण लिहावें लागत नसे.

पुण्याला हा प्रकार अपरिचित नव्हता, आणि येथेंच या इतिहासांतील मोठा उपरोध आहे. पेशवाईच्या चांगल्या दिवसांत मामलतदाराची नेमणूक हुजुरांतून होई, पण त्याच्या शेजारीं फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार असे दरखदार बसलेले असत. तेहि हुजुरांतून नेमलेले. मामलतदाराला ते काढतां येत नसत, आणि त्यांच्या सहीवांचून हिशेब पुरा होत नसे. ही जुनी व्यवस्था दुसऱ्या बाजीरावानें मोडली आणि जास्त रक्कम देईल त्याला मामलत मक्त्यानें देण्याचा प्रघात पाडला. मक्तेदारानें दिलेला पैसा रयतेकडून उकळावा, हें ओघानेंच आलें. १८१९ सालीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला त्यांत या मक्त्यांवर कडक शब्दांत टीका केली आहे. नव्या राज्याच्या समर्थनांतील तें एक मुख्य कलम होतें: पेशव्यानें अधिकार विकले, कंपनी विकणार नाहीं. स्वतः विलायतेंतहि पदांची विक्री अपरिचित नव्हती. १८०९ सालीं तिकडे एक मोठा गवगवा होऊन पदविक्री बंद करणारा कायदा झाला आणि कंपनीच्या नोकऱ्या त्याच्या कक्षेंत आल्या. म्हणजे दोन्हीं देशांत हा रोग ओळखला गेला होता, नांवानिशीं निषिद्ध झाला होता. आणि बाजीराव गेल्यावर सत्तर वर्षांनीं, त्याच पुण्यांत, इंग्रज कमिशनरच्या दारांत मामलतींचा बाजार भरल्याची कुजबुज सुरू झाली.

कुजबुज अशी होती कीं, साहेबाच्या मर्जींतील हणमंतराव जहागीरदार नांवाचे गृहस्थ मधले मनुष्य आहेत. बढती हवी असेल, बदली हवी असेल अथवा झालेली बदली टळावयास हवी असेल, तर त्यांना भेटावें. पैसा त्यांच्या हातून जातो आणि हुकूम साहेबाच्या सहीनें निघतो. हें गावोगांवच्या कचेऱ्यांत ठाऊक होतें. ठाऊक असणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें. पैसे देणारा बोलत नसे, कारण देणें हाहि गुन्हाच; घेणारा बोलत नसे हें सांगावयास नकोच; आणि तिसरा मनुष्य त्या खोलींत नसे. या व्यवहाराची वही कोठेंहि नव्हती.

गव्हर्नर लॉर्ड रे हे स्कॉच सरदार, जन्मानें हॉलंडचे. अँग्लो-इंडियन गोतावळ्याचे ते नव्हते. तक्रारी त्यांच्या कानीं गेल्या तेव्हां त्यांनीं प्रकरण दडपलें नाहीं, हें त्यांच्याविषयीं आदरानें सांगितलें पाहिजे. पोलीस खात्याचे प्रमुख ओमनी यांच्याकडे गुप्त तपास सोंपविण्यांत आला. पण तपास अडला तो वर सांगितलेल्याच ठिकाणीं. मग सरकारनें मामलतदारांना अभयवचन दिलें: जें खरें असेल तें सांगा, तुमच्यावर खटला होणार नाहीं, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाहीं. त्या शब्दावर मामलतदार पुढें आले. १८८८ च्या जुलैंत क्रॉफर्डला कामावरून दूर करण्यांत आलें. तो पुण्याहून गुपचूप निसटला आणि मुंबईस पकडला गेला. हणमंतरावांवर निराळा खटला होऊन त्यांना कैदेची शिक्षा झाली.

क्रॉफर्डवर मात्र फौजदारी खटला झाला नाहीं. १८८४ च्या तडजोडीनंतर युरोपियन आरोपीला निम्मे तरी पंच युरोपियन वा अमेरिकन मागण्याचा हक्क होता. अशा पंचांपुढें काय झालें असतें याचा अंदाज कोणींहि करावा. त्याऐवजीं १८५० च्या ३७ व्या कायद्याखालीं एक कमिशन नेमलें गेलें. हा कायदा वरिष्ठ नोकरांच्या वर्तनाच्या चौकशीसाठीं केलेला. त्यांत साक्षी होतात, वकील उभे राहतात, पण कमिशन शिक्षा देत नाहीं. तें आपलें मत कळवितें आणि निर्णय सरकारचा. कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति विल्सन अध्यक्ष आणि आणखी दोन इंग्रज अधिकारी असें तिघांचें हें कमिशन पुण्यास बसलें.

साक्षींचें काम महिनोन्‌महिने चाललें. एकामागून एक मामलतदार उभा राहून अमुक वेळीं अमुक रक्कम आपण दिली असें शपथेवर सांगत होता. आणि येथें कायद्याची मोठी अडचण उभी राहिली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत गुन्ह्याच्या साथीदाराची साक्ष घेतां येत असे. परंतु त्याच कायद्यांत अशी सूचनाहि होती कीं, दुसरा आधार असल्यावांचून साथीदारावर विश्वास ठेवूं नये. लांच देणारा हा लांच घेणाऱ्याचा साथीदार. शिवाय तो अभयवचन घेऊन आलेला. म्हणजे सरकारला हवें तें सांगण्यांत त्याचा स्वार्थ आहे, असें बचावाला म्हणतां आलें. ज्या वचनाशिवाय साक्ष मिळालीच नसती त्या वचनामुळेंच ती साक्ष हलकी झाली. कमिशननें लांच घेतल्याचे आरोप शाबीत धरले नाहींत. आपल्या अधिकारक्षेत्रांतील लोकांकडून कर्ज काढल्याचा आरोप तेवढा शाबीत धरला. मुंबई सरकारचें मत याहून निराळें पडलें. कांहीं आरोप सिद्ध झाले आहेत असें रे यांच्या कौन्सिलास वाटलें. शेवटचा शब्द विलायतेंतील भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांचा. त्यांनीं कर्जाच्या कारणासाठीं क्रॉफर्डला नोकरींतून बडतर्फ केलें. परिणाम चमत्कारिक झाला: ज्याच्या नांवावर पैसे घेतले तो लांचेच्या आरोपांतून सुटला, आणि त्याच्या वतीनें घेतल्याबद्दल मध्यस्थ तुरुंगांत गेला.

पण गोष्ट येथें संपली असती तर बरें झालें असतें. कमिशन उठतें न उठतें तोंच इंग्रजी वर्तमानपत्रांनीं नवा प्रश्न पुढें आणला: ज्यांनीं आपल्या जागा पैसे देऊन मिळविल्याचें शपथेवर कबूल केलें, तेच उद्यां मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर बसणार काय? प्रश्न वाजवी होता, आणि तो तसा नव्हता असें भासविणें हें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पद विकत घेणारा तें पद धारण करण्यास अपात्र होतो, असा जुन्या विलायती कायद्याचा दंडकच होता. मुंबई सरकारनें दिलेलें वचन त्या कायद्यापुढें टिकेल किंवा नाहीं याचा विचार वचन देतांना झालेला नव्हता. परंतु प्रश्न विचारणारांचा रोख न्यायासनाच्या पावित्र्यापेक्षां लॉर्ड रे यांच्यावर अधिक होता. गोऱ्या कमिशनरवर काळ्यांच्या साक्षी घेतल्या, याची चीड त्या लेखांच्या ओळीओळींतून दिसत होती. कॉमन्स सभेंतहि मामलतदारांविषयीं प्रश्न विचारले गेले.

हिंदुस्थान सरकारनें मग मामलतदारांची निवडानिवड केली. ज्यांच्याकडून दडपणानें पैसे घेतले गेले ते ठेवावे. ज्यांनीं आपण होऊन, बढतीच्या लोभानें दिले त्यांना दूर करावें. १८८९ सालीं खास कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिलें गेलें. पण नोकरीचें जें वचन होतें तें सर्वांच्या बाबतींत पाळलें गेलें नाहीं. दडपण कोणतें आणि लोभ कोणता, याची रेषा कोणी आणि कशी ओढली, हा विचार त्या काळींहि लोकांना टोंचला. बदलीच्या भीतीनें दिलेला पैसा दडपणाचा, आणि वीस वर्षें रखडलेल्या बढतीसाठीं दिलेला तो लोभाचा! दुसऱ्या मनुष्याजवळ तोच पैसा मागितला जात आहे आणि तो देणार आहे, हें ठाऊक असतांना न देणें हें किती जणांस साधलें असतें?

पुण्यांत बाळ गंगाधर टिळकांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. ‘केसरी’ची सूत्रें त्यांच्याकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. मामलतदारांनीं पुण्यकर्म केलें असें त्यांचें म्हणणें नव्हतें. त्यांचा आग्रह एवढाच होता कीं, सरकारनें शब्द दिला, त्या शब्दाचा उपयोग करून पुरावा मिळविला, आतां तो शब्द मोडतां येणार नाहीं. १८८९ च्या सप्टेंबरांत पुण्यास सभा झाली, तींत ते बोलले. विलायतेंतील सहानुभूतीच्या इंग्रज गृहस्थांकडे त्यांनीं पत्रव्यवहार केला. टिळकांच्या सार्वजनिक आयुष्याच्या आरंभींच्या लढ्यांपैकीं हा एक, आणि विशेष म्हणजे त्यांत ते एका इंग्रज गव्हर्नराच्या वचनाची बाजू घेऊन त्याच्या वरिष्ठ सरकारशीं भांडत होते. यश थोडें आलें. गेलेल्या नोकऱ्या गेल्याच.

या सर्व गदारोळांत दोन मनुष्यें कोणास दिसलीं नाहींत. एक, ज्यानें पैसे दिले नाहींत तो. त्याची ज्येष्ठता डावलली गेली, त्याची बदली वाईट तालुक्यांत झाली, आणि त्याला कमिशनपुढें साक्षीला बोलावण्याचें कारणच नव्हतें. कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखा व्यवहार कांहींच नव्हता. दुसरा, तालुक्यांतील कुणबी. मामलतदारानें जागेसाठीं दिलेली रक्कम पगारांतून फेडली असेल असें मानावयास फारच भाबडेपणा लागेल. ती कोणाच्या खळ्यांतून, कोणत्या दाव्याच्या निकालांतून, कोणत्या तगाईच्या हप्त्यांतून वसूल झाली याची चौकशी करण्यास कोणतेंहि कमिशन बसलें नाहीं. मक्त्याच्या पद्धतीवर एल्फिन्स्टननें ठेवलेला मुख्य ठपका हाच होता, आणि क्रॉफर्ड प्रकरणांत तोच तेवढा विसरला गेला.

क्रॉफर्ड विलायतेस गेला आणि लेखक झाला. १८९४ सालीं त्याच्या आठवणींचें एक पुस्तक निघालें, १८९७ सालीं पुण्याच्या व दख्खनच्या ‘त्रासां’विषयींचें दुसरें, त्यांत पुण्याच्या ब्राह्मणांवर त्यानें भरपूर तोंडसुख घेतलें आहे. कोंकणच्या दंतकथाहि त्यानें उतारवयांत छापल्या. १९११ सालीं तो वारला.

ज्या वर्षीं पुण्यांत कमिशन बसलें त्याच १८८८ सालीं मुंबईच्या नगरपालिकेचा तो प्रसिद्ध कायदा झाला, ज्याच्या घडणींत मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा हात होता. स्थायी समितीच्या पूर्वसंमतीवांचून ठराविक रकमेवरील कंत्राट कमिशनरनें करूं नये, अंदाजपत्रकाबाहेर खर्च करूं नये, अशीं कलमें त्यांत आलीं. क्रॉफर्डच्या पहिल्या हिशेबाचा धडा अशा रीतीनें कायद्यांत उतरला. दुसऱ्या हिशेबाच्या धड्याला फार वेळ लागला. नेमणुकीचा अधिकार खात्याच्या साहेबाकडून काढून तिऱ्हाईत मंडळाकडे देण्याची कल्पना १९२६ सालीं हिंदुस्थानच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या रूपानें आली. मुंबई आणि सिंध प्रांतांसाठीं तसें मंडळ १९३७ सालीं झालें. प्रवेशाचें दार अशा रीतीनें परीक्षेच्या ताब्यांत गेलें. बदली मात्र खात्याच्या हातीं राहिली ती राहिलीच. महाराष्ट्र राज्यानें बदल्यांचें विनियमन करणारा कायदा केला तो २००५ सालचा. एका जागीं साधारणतः तीन वर्षें, बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे, आणि मधेंच कोणास हलवावयाचें तर त्याचें कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची संमति घ्यावी. कारण लिहावें लागणें, ही यांतील खरी महत्त्वाची बाब. क्रॉफर्डच्या कचेरींत जी वही नव्हती ती येथें प्रथमच उघडली गेली.

लांच देणाऱ्या साक्षीदाराचा प्रश्न याहूनहि चिवट निघाला. १९८८ च्या भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यांत त्यानें दिलेल्या जबानीवरून त्याच्यावरच खटला करूं नये असें संरक्षण होतें. २०१८ सालीं तें काढून टाकण्यांत आलें. देणारा स्पष्टपणें गुन्हेगार ठरला आणि सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. अपवाद एवढाच कीं, ज्याला देणें भाग पाडलें गेलें त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांना अथवा तपास करणाऱ्या संस्थेला कळवावें. १८८८ च्या मामलतदारांना हा कायदा लावून पाहिला तर त्यांतील कोणाचीहि त्यांतून सुटका झाली नसती. पैसे देऊन आठवडा उलटल्यावर पुष्कळ काळानें, आणि तेंहि सरकारचा शब्द मिळाल्यावरच, त्यांनीं तोंड उघडलें होतें.